थांब गं, भात बघू

सिस्टरना थांबायला कारण लागत नाही, असं मला बरेच दिवस वाटत होतं. रस्त्याकडेला भाताचं शेत दिसलं की त्यांची सायकल मंदावायची, डावा पाय जमिनीला टेकायचा आणि मागून मला हाक यायची, "थांब गं वर्षा, भात बघू." भातात बघायचं काय असतं ते मला कळत नसे. माझा जन्म मुलुंडचा, भात मी कुकरचं झाकण उघडल्यावर बघते. पण सिस्टर बांधाशी उभ्या राहायच्या, गळ्यातली ओढणी सैल करायच्या आणि काहीतरी महत्त्वाचं काम चालू असल्यासारख्या समोर बघत राहायच्या. मग मीही मुकाट्याने बघायचे. पुढे पुढे तर मला ते चक्क आवडायला लागलं.

आता सिस्टर नाहीत. परवा दसऱ्याच्या बाजारात एका पाटीत भाताच्या लोंब्यांच्या जुड्या दिसल्या आणि मी मध्येच उभी राहिले. मागून एक बाई "ओ मॅडम, पुढे चला ना, रस्ता अडवलात" म्हणाली तेव्हा भानावर आले. घरी येऊन ठरवलं की त्यांच्याबद्दल लिहायचं. त्यांचं सगळं आयुष्य मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहेत त्या फक्त रविवारच्या सकाळी, आणि त्यातल्याही आश्विनातल्या जास्त.

सिस्टर म्हणजे सुमन परब. महापालिकेच्या एका हॉस्पिटलात सगळी नोकरी करून वॉर्डच्या मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चालताना चपलांचा आवाज म्हणून नाही. आमच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. कोणाला इंजेक्शन द्यायचंय, कोणाचं ड्रेसिंग बदलायचंय, कोणाच्या सासऱ्यांनी सकाळपासून डोळे उघडले नाहीत, की पहिल्या मजल्यावरची परबांची बेल वाजायची. सिस्टर यायच्या, पदर किंवा ओढणी कमरेला खोचायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "कण्हू नको. सांग." कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून दुखतं, हे नीट सांगणाऱ्या माणसाबद्दल त्यांना फार आदर होता. नुसतं हाय हाय करणाऱ्याला त्या सरळ दम भरायच्या, मग तो कितीही मोठा असो.

त्यांचे यजमान वसंतराव, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, अगदी उलट. विक्रोळीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी झालेली. माणूस देवासारखा, पण भित्रा. मी हे प्रेमाने म्हणते, कारण तेही स्वतःबद्दल हेच म्हणत. गॅसचा नॉब बंद केल्यावर ते परत जाऊन हात लावून बघत, आणि दाराला कुलूप लावल्यावर पुन्हा उघडून एकदा बघून येत. हायवे ओलांडायचा तर कुठल्या कुठे चालत जाऊन पुलावरून जात. घरात बायको कोणा पोराला इंजेक्शन द्यायला लागली की हे गच्चीवर. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला आधी सांगणार, "भाऊ, सावकाश हां, काय घाई नाय." रिक्षावालाही भाऊ आणि आत बसलेलेही भाऊ, यावरून आम्ही त्यांना खूप चिडवायचो.

अशा माणसाच्या बायकोने निवृत्तीनंतर सायकल घेतली म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते सांगायला नको. सायकल लेडीज, पुढे जाळीची टोपली, जुनीच घेतलेली. लहानपणी कणकवलीकडच्या गावात त्या शाळेला सायकलनेच जायच्या, त्यामुळे चालवायची भीती नव्हती. भाऊंनी दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच जाऊन हेल्मेट घेऊन आले, तेही मोटरसायकलवाल्यांचं. सिस्टरनी ते एकदा डोक्यात घालून आरशात पाहिलं आणि त्यात कांदे ठेवायला सुरुवात केली.

मी त्यांच्या सोबतीला कशी आले? मला डॉक्टरांनी शुगर सीमेवर आहे म्हणून भीती घातली होती. मी हौसेने गिअरची सायकल आणली आणि महिन्याभरात तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. एक दिवस सिस्टर घरी आल्या, टॉवेल उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी खाली ये. अन्वरभाईचा टेम्पो आहे."

अन्वरभाईंचा आमच्या नाक्यावर भाजीचा धंदा. रविवारी पहाटे त्यांचा रिकामा टेम्पो मुरबाडकडे भाजी आणायला जायचा. त्यात आमच्या सायकली चढायच्या, आम्ही दोघी पुढे अन्वरभाईंच्या शेजारी, आणि बदलापूर ओलांडलं की ते आम्हाला बारवी धरणाच्या रस्त्याला उतरवून द्यायचे. दुपारी परतताना भेंडी, काकडी, पडवळ यांच्या मधोमध आमच्या सायकली आडव्या करून घरी. अन्वरभाई म्हणायचे, "सिस्टर, आपकी सायकल इतनी घूमती है, कभी आप भी चलाया करो."

पहिल्या रविवारी मी जोरात पुढे निघाले. घरी सांगायचं होतं ना, किती अंतर मारलं ते. एका वळणावर थांबून वाट बघत बसले, सिस्टर येईचनात. परत मागे गेले तर या बाई एका शेताच्या कडेला उभ्या, समोर झेंडूचं पिवळंजर्द शेत, आणि बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याशी त्याच्या गुडघ्यांबद्दल बोलणं चाललेलं. मला म्हणाल्या, "तू कुठे पोचायला निघालीस?"

"कुठे नाही, असंच."

"मग असंच चालव ना. घाई पेशंटला असते, आपल्याला काय झालंय?"

त्यानंतर मी त्यांच्या चालीने चालवायला शिकले. खरं सांगते, त्या चालीने मला पहिल्यांदा काही दिसलं. आश्विनात तिकडची सकाळ गार असते. भात पिकून पिवळं झालेलं, लोंब्या दवाने जड होऊन झुकलेल्या, आणि सगळीकडे एक ओला, भाजल्यासारखा वास. तारेवर निळे पक्षी. कापणीला सुरुवात झाली की विळ्यांचा सपसप आवाज रस्त्यापर्यंत येतो. ऊन वर आलं की मात्र ऑक्टोबर आपलं खरं रूप दाखवतो आणि पाठ भाजून निघते. सिस्टर म्हणायच्या, तोवर आपण जनाबाईच्या ओटीवर पाहिजे.

जनाबाई ही त्या रस्त्यावरच्या एका गावातली शेतकरीण. घर रस्त्याला लागून, मागे भाताची चार खाचरं, सून कामाची, मुलगा कंपनीत. सिस्टरनी कधीतरी तिच्या पायाची जखम धुऊन दिली होती, तेव्हापासून ओळख. तिच्याकडे कोरा चहा आणि तांदळाची भाकरी ठरलेली. दर वर्षी नव्याच्या पुनवेआधी, म्हणजे कोजागिरीआधी, सिस्टर तिच्या शेतातल्या लोंब्या मागून घ्यायच्या. कोकणातली रीत, नवं भात दाराला बांधायचं. बाजारातही मिळतात, पण त्यांना त्या ओळखीच्या शेतातल्या लागत. आंब्याची पानं, कुर्डूची फुलं आणि लोंब्या अशी जुडी त्या स्वतः बांधायच्या आणि फक्त आपल्या नाही, मजल्यावरच्या प्रत्येक दाराला लावायच्या. शहांच्या दाराला, कांबळ्यांच्या दाराला, फर्नांडिसांच्याही. कोणी काही विचारलं नाही, सगळ्यांना आवडायचं.

एका वर्षी चेअरमनसाहेबांनी नोटीस लावली की दाराला धान्य बांधू नये, कबुतरं येतात. चेअरमनचं ब्लडप्रेशर बघायला सिस्टर दर आठवड्याला जात असत. त्या आठवड्यातही गेल्या, पट्टा बांधला, हवा भरली, बराच वेळ काट्याकडे बघत राहिल्या आणि मान हलवली. चेअरमन घाबरून म्हणाले, काय झालं? सिस्टर म्हणाल्या, "वाढलंय. कबुतरांचं फार मनाला लावून घेताय तुम्ही." नोटीस संध्याकाळी गायब झाली.

असं सगळं छान चाललेलं होतं. मग तो भिंतीचा रविवार आला.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. जनाबाईचं गाव जवळ आलं होतं आणि मी थोडी पुढे होते. मागून हाक आली, "थांब गं, भात बघू." मी थांबले, वळून बघितलं. तिथे भात नव्हतंच. एका हाताला वीटभट्टी आणि दुसऱ्या हाताला कुणाच्या तरी फार्महाऊसची उंच कंपाउंडची भिंत. सिस्टर त्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

"सिस्टर, भात कुठाय?"

"बगळा होता," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"उडाला."

मी सायकल टाकून मागे आले. सिस्टरच्या ओठावर घामाचे थेंब होते, सकाळच्या गारव्यात. एक हात हँडलवर आणि दुसरा हात छातीच्या मधोमध दाबून धरलेला. जबडा विचित्र हलत होता, जिभेखाली काहीतरी होतं. मी काही विचारणार तोच त्यांनी छातीवरचा हात उचलून मला गप्प राहायची खूण केली. भट्टीवरचं कुत्रं येऊन आमचा वास घेऊन गेलं.

जरा वेळाने त्यांचा रंग परत आला. ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "झालं. चल."

"काय झालं? हे कधीपासून चाललंय?"

"गणपतीच्या आधीपासून. चालवताना येतं, थांबलं की जातं. गोळी आहे माझ्याकडे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला कशाला? मी बघतेय ना. ऑब्झर्व्हेशनवर ठेवलंय मी स्वतःला."

एवढी वर्षं हार्टच्या वॉर्डमध्ये काढलेली बाई. दुसऱ्या कोणाला असं झालं असतं तर कॉलर धरून तासाभरात कॅज्युअल्टीत नेऊन बसवलं असतं. आणि स्वतःला मात्र पेशंट करून, स्वतःच नर्स होऊन, स्वतःच्याच छातीकडे लक्ष ठेवून सायकल चालवत होती. ही चूक दुसरं कोणी करूच शकत नाही, त्यासाठी सिस्टरच असायला लागतं.

मग माझ्या लक्षात यायला लागलं. त्या वर्षी आम्ही किती ठिकाणी थांबलो होतो. पुलावर पाणी बघायला, चढाच्या तोंडाशी टाकळ्याची फुलं बघायला, उगीच साखळी तपासायला. त्यातलं भात किती आणि छाती किती, कोण जाणे. मला एकदम भयंकर राग आला. रागाच्या भरात मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "सिस्टर, सगळ्यांना सांगता ना, कण्हू नका, बोला म्हणून?"

"मी कुठे कण्हतेय?" त्या म्हणाल्या आणि सायकलवर बसल्या.

जनाबाईच्या ओटीवर, ती आत चहा टाकत असताना, सिस्टर स्वतःहून बोलल्या. आवाज हळू, भाकरीचा तुकडा हातात तसाच. "ऑपरेशनवाल्या माणसाच्या ट्रॉलीबरोबर आम्ही दारापर्यंत जायचो. सगळ्यांना सांगायचे, काही होत नाही, आत्ता येशील बाहेर. बहुतेक यायचे. काही नाही आले." तुकडा त्यांनी परत ताटात ठेवला. "मला भीती वाटते गं. म्हणजे साधी, पोरींना वाटते तशी भीती. हसू नको."

"मी हसत नाहीये. भाऊंना सांगू या."

"खबरदार. त्यांना सांगितलं तर आधी त्यांना ॲडमिट करावं लागेल." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "त्यांनी आयुष्यभर माझ्याकडे बघून धीर धरलाय, वर्षा. मी घाबरले म्हटल्यावर त्यांनी कोणाकडे बघायचं?"

खूप वाद घातला मी. शेवटी त्या समोरच्या शेताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जनाबाईचं भात कापून होऊ दे. शेवटचा भारा खळ्यावर गेला की दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाते. देवाशपथ. तोवर एक शब्द बोलायचा नाही."

आणि मी, मूर्खासारखी, त्या शेताकडे बघून मनात हिशेब केला. पंधरवडा, फार तर तीन आठवडे. चालेल, म्हटलं.

त्यानंतरचे रविवार मला अजून एकेक करून आठवतात. भात बघणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी रस्ताभर भातच बघायचे. कोणाचं कापून झालं, कोणाचं उभं आहे, कोणाचं पिवळं व्हायचंय. जनाबाईचं खाचर दिसेपर्यंत जीव टांगलेला. दर रविवारी वाटायचं, आज कापलेलं दिसावं. आणि तेवढ्यात परतीचा पाऊस आला. संध्याकाळी आभाळ भरायचं, वीज कडाडायची आणि सगळं शेत ओलं. ओलं भात कापता येत नाही, कापलं तर शेतात कुजतं. जनाबाई कपाळाला हात लावून बसली. सिस्टर तिच्याशेजारी बसून तिला धीर देत होत्या आणि मला दिसत होतं की त्या आतून सुटल्यासारख्या झाल्यात. मुंबईत खिडकीशी उभी राहून ढगांना शिव्या देणारी मी एकटीच असेन. नवरा विचारायचा, आपलं काय वाळत घातलंय? काय सांगणार त्याला.

सायकलवर मी आता त्यांच्या मागे राहायचे. त्यांच्या पाठीकडे बघत. खांदे जरा उचलले गेले की मीच ओरडायचे, "थांबा, भात बघू." त्या थांबायच्या. कधी नुसत्याच हसायच्या, कधी हात हळूच खिशाकडे जायचा. तो हात खिशाकडे गेला की मी उतरून त्यांच्या शेजारी जायचे. फोन काढून बघायचे तर रेंजचा एक दांडा, तोही येऊन जाऊन. रात्री झोपेतही मी तो रस्ता चालवत असे.

एका बुधवारी मला राहवेना. सिस्टर कोणाकडे तरी इंजेक्शन द्यायला गेलेल्या बघून मी परबांची बेल वाजवली. भाऊंनी दार उघडलं. मी म्हटलं, "भाऊ, जरा बोलायचं होतं. सिस्टरबद्दल." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाण्याच्या टाकीचं कळलं का तुला? गुरुवारी साफ करणार म्हणे. भरून ठेव." मी परत तोंड उघडलं. ते म्हणाले, "आणि शुक्रवारी प्रेशर कमी असणार. चहा घेतेस?" टाकी, मोटर, प्लंबर, सगळं सांगून झालं, मला एक शब्द बोलू दिला नाही. मी वैतागून घरी आले. मनात म्हटलं, सिस्टर म्हणतात तेच खरं, या माणसात ऐकायचीही ताकद नाही.

मग एका आठवड्यात उघडीप पडली आणि तो रविवार उजाडला. जनाबाईचं शेवटचं खाचर कापणीला आलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा चार-पाच बायका ओणव्या होऊन कापत होत्या, मागे जनाबाईची सून पेंढ्या बांधत होती. सिस्टर ओटीवर बसून एकेक ओळ आडवी होताना बघत राहिल्या. मी त्यांच्या शेजारी. मला वाटलं होतं, हे बघून मला बरं वाटेल. पण उभं भात कमी कमी होत चाललं तशी सिस्टरची बोटं ओढणीचा काठ गुंडाळत होती आणि मला माझाच राग येत होता.

शेवटचा भारा सुनेने डोक्यावर घेतला. सिस्टर उठल्या. "चला, झालं," म्हणाल्या आणि परत बसल्या. मग ओटीवरच हळूच आडव्या झाल्या. या वेळी सायकल नव्हती, चढ नव्हता, काही नव्हतं. गोळी जिभेखाली गेली, तरी हात छातीवरून हलेना. चेहरा राखेसारखा. मला म्हणाल्या, "माझे पाय वर करू नकोस. डोकं उंच ठेव. वारा घाल. घाबरू नको." पेशंट तीच आणि सूचनाही तीच देतेय. मी फोन काढला, रेंज नव्हती. रस्त्यावर धावत गेले, फोन हवेत उंच धरला, तरी नाही. परत आले तर जनाबाई सुनेचा फोन कानाला लावून उभी होती, त्या फोनला रेंज होती. "हां, भाऊ, या लगेच. हां, ओटीवरच हायत. या."

"कोणते भाऊ?" मी विचारलं.

"त्यांचेच की," जनाबाई म्हणाली.

मला काही कळेना. भाऊ मुलुंडला. तिथून यायचं म्हणजे दुपार होणार. मी गाडी शोधायला पुन्हा रस्त्यावर आले. दोन मोटरसायकली गेल्या, एक ट्रॅक्टर गेला. तसं रस्त्याकडे बघत थांबणं मी कधी विसरणार नाही. आणि मग वळणावरून एक रिक्षा आली, खड्ड्याखड्ड्यांतून उडत, आणि आतून आवाज येत होता, "मार रे, जोरात मार, मी आहे ना." रिक्षातून भाऊ उतरले. पायात बूट, काखेत घडी केलेला पेपर. माझ्याकडे न बघता ते ओटीवर गेले.

सिस्टरनी डोळे उघडले. समोर भाऊ. मग मालवणीत म्हणाल्या, "तुमी हयसर कशे?"

"असोच," भाऊ म्हणाले. "बदलापुराक काम होता."

"आयतवारी?"

भाऊंनी पेपर या काखेतून त्या काखेत घेतला. बोलली ती जनाबाई. "दर रविवारी असतात की स्टेशनात. बाकड्यावर. तुम्ही माघारी गेलात की मी फोन करते, मग ते गाडी पकडतात."

ते सगळं मला नंतर भाऊंनी सांगितलं, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये. बदलापूरच्या हॉस्पिटलने पहिले उपचार करून आम्हाला मुलुंडला पाठवलं होतं, सिस्टर डोळे मिटून पडल्या होत्या. घरातले कपडे भाऊ धूत. सिस्टरच्या कुर्त्याच्या खिशात गोळ्यांचं पाकीट सापडलं, ते केमिस्टला दाखवून त्या कशाच्या आहेत ते त्यांनी विचारलं. त्यानंतर दर रविवारी आमचा टेम्पो गेला की भाऊ गाडी पकडून बदलापूरला यायचे. एकदा रिक्षा करून जनाबाईला शोधत गेले, नंबर देऊन आले. आम्ही परतायच्या आधी घरी पोचून, बूट काढून, पंख्याखाली बसायचे.

"भाऊ, मग बोललात का नाही?" मी विचारलं. "मी सांगायला आले होते तेव्हा तरी?"

"तू सांगितलं असतंस तर मला कळलंय असं झालं असतं," भाऊ म्हणाले. "मग मला तिला जाऊ नको म्हणावं लागलं असतं. ती थांबली नसती गं. खोटं बोलून गेली असती. मग मला कुठे बसायचं तेही कळलं नसतं." खिडकीबाहेर बघत ते पुढे म्हणाले, "वाटलं, कापणी झाली की सांगेल."

दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती आणि मी मधल्या मध्ये ढगांना शिव्या देत होते. रडावं की दोघांना धरून गदागदा हलवावं, मला कळत नव्हतं.

ऑपरेशन दोन दिवसांनी ठरलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की उशीर झालाय, प्रयत्न करतो. भाऊंनी मान डोलावली आणि विचारलं, कुठे सही करायची. त्या दोन दिवसांत त्यांना घाबरलेलं मी पाहिलं नाही. पाणी प्यायला विसरायचे, एवढंच.

सकाळी सिस्टरना न्यायला आले. ट्रॉलीवर त्या अगदी लहान दिसत होत्या, अंबाडा सोडून केस हिरव्या टोपीत घातलेले. कॉरिडॉरमध्ये मी एका बाजूने चालत होते, भाऊ दुसऱ्या बाजूने, त्यांचा हात धरून. सोबतची सिस्टर तरुण होती. ती म्हणाली, "आजी, काही होत नाही हां, आत्ता येणार तुम्ही बाहेर." आमच्या सिस्टर तिच्याकडे बघून हसल्या, तिचं काम तिला करू दिलं. थिएटरच्या दाराशी ट्रॉली थांबली. पुढे आम्हाला जाता येणार नव्हतं. मला वाटलं, आता त्या भाऊंना गॅसचं सांगतील, दुधाचं सांगतील.

सिस्टरनी मान वळवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "माका भीती वाटता."

भाऊ वाकले. ज्या माणसाला हायवेची, रिक्षाची, सुईची, बंद केलेल्या गॅसचीही भीती वाटायची, तो माणूस तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन अगदी शांतपणे म्हणाला, "माका वाटणा नाय."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"खोटा बोलतास," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. भाऊही हसायला लागले. ट्रॉली आत वळली, दार मिटेपर्यंत त्या भाऊंकडे बघून हसत होत्या. दार बंद झाल्यावरही भाऊ हसतच राहिले, आणि मी त्यांचा दंड धरून उभी राहिले.